लागलं का?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि बंदूक खांद्यावर टाकून रानात जाणारी माणसं हळूहळू घरी बसली. त्याआधी वनखातं जंगलाचे 'शूटिंग ब्लॉक' पाडून परवाने देत असे. अमुक ब्लॉक, अमुक मुदत, अमुक जनावर, एवढी फी. आता मोठ्या जनावरामागे जायची हौस भागवायला ताडोबाची जिप्सी तेवढी उरली आहे आणि तिथेही हातात काय, तर कॅमेरा. पण शिकारीची खुमखुमी कायद्यानं मरत नाही. दादरमध्ये ती म्हाडाच्या जाहिरातीची वाट बघत बसलेली असते.

मुंबईत मोठं जनावर एकच, ते म्हणजे घर. ते क्वचित दिसतं, दिसलंच तर फार लांब दिसतं आणि त्याच्या मागावर कायम गर्दी असते. २०२३ साली म्हाडाच्या मुंबई मंडळानं ४,०८२ घरांची सोडत काढली तेव्हा अर्जांचा आकडा १ लाख २० हजारांच्या घरात होता. २०२४ साली घरं निघाली २,०३० आणि अनामत रकमेसकट अर्ज आले १ लाख १३ हजारांवर. म्हणजे एका घरामागे पंचावन्न-छप्पन्न शिकारी. थेट बिल्डरकडे जाऊन घर घ्यायला कोणाची ना नाही. पण शिवाजी पार्कच्या आसपासचा भाव एकदा विचारून आलेला माणूस घरी येऊन आधी पाणी पितो आणि मग म्हाडाचं संकेतस्थळ उघडतो.

दादरच्या प्रत्येक जुन्या इमारतीत या विषयातला एक तज्ज्ञ असतो. आमच्याकडे तळमजल्यावरचे काका आहेत. बँकेतून निवृत्त, पागडीची खोली, आणि एक प्लास्टिकच्या कप्प्यांची फाइल. तिच्यात आधार, पॅन, डोमिसाइल, आयकराचं विवरणपत्र, सगळं चढत्या क्रमानं. जाहिरात आली की संध्याकाळी ओट्यावर त्यांचा दरबार भरतो. काकांना आजवर एकदाही घर लागलेलं नाही. कोणी तसं म्हटलं की ते रागावत नाहीत, कारण हीच त्यांची पदवी आहे. ज्याला घर लागतं तो सामान बांधून निघून जातो; त्याला काय विचारणार आणि कुठे? अनुभवी माणूस म्हणजे न लागलेला माणूस. असे अनुभवी आमच्या गल्लीत पुष्कळ आहेत.

नशिबाचा खेळ आहे, त्यात तज्ज्ञाचं काय काम, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. दादरमध्ये तसं कोणी म्हणत नाही. पहिला अभ्यास उत्पन्न गटाचा. वर्षाला सहा लाखांपर्यंत अत्यल्प, नऊपर्यंत अल्प, बारापर्यंत मध्यम, त्यापुढे उच्च. नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र धरतात. त्यामुळे मार्च महिन्यात पगारवाढ झाल्याचं पत्र हातात घेऊन सुतकी चेहऱ्यानं घरी आलेली माणसं मी पाहिली आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना बढती मिळाली आणि त्या कुटुंबाची अल्प गटातून मध्यम गटात बदली झाली. पेढे वाटले, पण काकांनी पेढा तोंडात टाकता टाकता विचारलं, "ऑक्टोबरपर्यंत थांबवता नसती का आली?"

दुसरा अभ्यास आरक्षणाचा. माजी सैनिक, स्वातंत्र्यसैनिक, पत्रकार, दिव्यांग, राज्य सरकारी कर्मचारी, खुद्द म्हाडाचे कर्मचारी, लोकप्रतिनिधी असे कितीतरी कप्पे आहेत आणि त्यातला एक कलाकारांचा. या कप्प्यानं दादरला फार घोळ होतो, कारण इथे कलाकार नसलेला माणूस मिळणं कठीण. कोणी आंतरबँक एकांकिकेत हवालदार होता, कोणी छबिलदासच्या प्रायोगिक दिवसांत दिवे धरले होते, कोणी शिवाजी मंदिरला मध्यंतरात बटाटेवडे खाताना एका मोठ्या नटाशी हुज्जत घातली होती. प्रमाणपत्र लागतं म्हटल्यावर ही सगळी कलावंत मंडळी गुमान सर्वसाधारण गटात येऊन बसतात आणि मराठी रंगभूमी कशी उपेक्षित आहे यावर एक संध्याकाळ जाते.

तिसरा आणि खरा अभ्यास संकेत क्रमांकाचा, म्हणजे कुठल्या योजनेत भरायचं याचा. इथे दोन घराणी आहेत. एक म्हणतं, जिथे घरं जास्त तिथे भरा. २०२३ साली निम्म्याहून जास्त घरं एकट्या पहाडी गोरेगावची होती, तिथे संधी मोठी. दुसरं म्हणतं, तिथे तर सगळेच भरणार; जिथे एकच घर आहे तिथे भरा, कारण एका घराला कोण विचारतो? या दुसऱ्या घराण्याची अडचण अशी, की एका घराला कोण विचारतो असं म्हणणारे हजारो निघतात आणि ते सगळे त्या एकाच घराला विचारतात. आमचे काका दुसऱ्या घराण्याचे. ते दादर-माहीम सोडून कधी भरत नाहीत. दादरची घरं यादीत निघालीच तर एखाद-दुसरं निघतं आणि किंमत बघून डोळे मिटावे लागतात, तरी त्यांची निष्ठा ढळलेली नाही. हे त्यांचं तत्त्व आहे असं आम्ही सगळे समजत होतो.

अर्जाचे ५९० रुपये जातात ते परत येत नाहीत. पाचशे अर्जाचे आणि नव्वद जीएसटी. अठरा टक्के कर लावण्याइतकी आशा ही सेवा आहे, हे सरकारनं मान्य केलं त्याबद्दल मला कौतुक वाटतं. अनामत रक्कम मात्र घर न लागल्यास परत मिळते. ती खात्यात येते तो दिवस आमच्याकडे खरेदीचा असतो. आणि शेवटच्या तारखेची घाई नवख्यांनी करायची. २०२३ ची सोडत जुलैतून १४ ऑगस्टला गेली, २०२४ ची १३ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरला. काका पहिल्या मुदतीकडे ढुंकूनही बघत नाहीत. "मुदतवाढ आल्याशिवाय भरायचं नाही. मंडळालाही वाईट वाटतं," असं त्यांचं म्हणणं.

सोडतीच्या दिवशी नरिमन पॉइंटच्या सभागृहात मंत्री, अधिकारी आणि मोठे पडदे. इकडे दादरमध्ये मोबाइलवर थेट प्रक्षेपण. २०२४ ला तर सोडत एनसीपीएमध्ये झाली. जिथे एरवी पाश्चात्त्य सिंफनी वाजते तिथे अल्प उत्पन्न गट, अमुक संकेत क्रमांक, विजेते, प्रतीक्षा यादी असा कार्यक्रम. दुपारनंतर रानडे रोडला भाजी घेताना, कबुतरखान्याशी रस्ता ओलांडताना, प्लाझाच्या थांब्यावर एकच प्रश्न ऐकू येतो: लागलं का? या प्रश्नाचं सगळ्यात अभिमानाचं उत्तर "लागलं" हे नाही. त्यानं समोरच्याचा चेहरा पडतो आणि संभाषण संपतं. अभिमानाचं उत्तर "प्रतीक्षा यादीत आहे" हे. त्यात थोडं कर्तृत्व आहे, थोडा अन्याय आहे आणि वर्षभर पुरेल एवढं बोलणं आहे.

आमची अशी समजूत होती, की एवढी गुंतागुंत जगात फक्त आपणच करतो. ती माझ्या भाच्यानं फोनवर घालवली. हा भाचा आमच्याच गल्लीत वाढला. झुरळ दिसलं की पलंगावर चढून आईला हाक मारायचा. आता डेन्व्हरला असतो आणि एल्कच्या शिकारीच्या परवान्यासाठी दर वर्षी अर्ज भरतो. एल्क म्हणजे सांबराच्या कुळातलं जनावर, पण उंचीला थेट घोड्याशी स्पर्धा करणारं. कोलोरॅडो राज्यात ते अडीच लाखांच्या वर आहेत. तरी उठलं आणि गेलं रानात, असं चालत नाही. वन्यजीव खात्यानं सगळ्या डोंगर-दऱ्यांचे तुकडे पाडून त्यांना नंबर दिलेत. कुठला तुकडा, कुठला हंगाम, कुठलं हत्यार, नर की मादी, याचा प्रत्येकी वेगळा कोड. एप्रिलच्या पहिल्या मंगळवारपर्यंत अर्ज करायचा. शिकारीचा कोर्स केल्याचं कार्ड लागतं. राज्यात सलग सहा महिने राहिल्याचा पुरावा असेल तर रहिवासी धरतात आणि रहिवाशांना वाटा मोठा. अर्जाची फी परत नाही.

"डोमिसाइल, संकेत क्रमांक, फी परत नाही," काका मोजत गेले. "फक्त शेवटी घराच्या ओसीऐवजी जनावर मिळतं, एवढाच फरक."

पुढे पुढे साम्य इतकं वाढत गेलं की भाचाच ओशाळला. तिथे काही तुकड्यांचे परवाने सोडतीत कोणी घेत नाही. ते उरतात आणि मग पहिला येईल त्याला देतात. आमच्याकडे कोकण मंडळाची विरार-बोळींजची घरं अशीच हजारोंनी उरली, पाण्याची ओरड झाली आणि 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' अशी पाटी लागली. तिथे काही भागांत परवाना थेट दुकानात मिळतो; पण तिथल्या रानात म्हणे एल्कपेक्षा शिकारीच जास्त भेटतात. श्रीमंतांचीही सोय आहे. मोंटानात दर वर्षी रानमेंढ्याचा एक परवाना लिलावात काढतात. २०१३ साली तो ४ लाख ८० हजार डॉलरना गेला. एका मेंढ्यासाठी एवढे पैसे, म्हणून ओट्यावर हशा पिकला. तेव्हा काकांनी शांतपणे आठवण दिली, की २०२३ च्या आपल्या सोडतीत ताडदेवच्या क्रिसेंट टॉवरमधली साडेसात कोटींची घरं होती. त्यातलं एक एका आमदारांना लागलं आणि त्यांनी ते परत केलं. परवडणारी घरं बांधायला निघालेल्या मंडळाचं घर लोकप्रतिनिधीलाही न परवडण्याचा हा योग मोंटानाच्या मेंढ्यापेक्षा दुर्मीळ म्हणायला हवा.

मग भाच्यानं ती गोष्ट सांगितली, जिच्यानं ओटा गप्प झाला. कोलोरॅडोत ज्याचा नंबर लागत नाही त्याला एक गुण मिळतो. पुढच्या वर्षी पुन्हा नाही लागला की दुसरा. ज्याचे गुण जास्त त्याला परवाना आधी. काही नामी तुकड्यांसाठी वीस-वीस वर्षांचे गुण साठवावे लागतात. आणि साठवणारे वाढले की लागणारे गुणही दर वर्षी वर सरकतात. तुम्ही चालता आणि मुक्काम पळतो. नेवाडात तर गुणांचा वर्ग करतात, म्हणजे पाच वर्षं हरलेल्याला जादा पंचवीस चिठ्ठ्या. आयडाहोत गुणबिण काही नाही, दर वर्षी पाटी कोरी. मित्रांनी मिळून गटानं अर्ज केला तर कोलोरॅडोत गटातल्या सगळ्यात कमी गुणवाल्याचे गुण सगळ्यांना लागू होतात, म्हणून तिथे मेहुण्याला घेऊन अर्ज करताना लोक चारदा विचार करतात.

हरण्याची नोंद होते, हे आम्हांला नवीन होतं. आमच्याकडे म्हाडा आयडाहोसारखी आहे. कालचा मुलगा आज पहिल्यांदा अर्ज भरतो आणि त्याला लागतं. केस पांढरे होईपर्यंत भरणाऱ्याची आणि त्याची चिठ्ठी एकाच वजनाची. गणिताच्या दृष्टीनं याच्याइतकं न्याय्य काही नाही. पण दादरमध्ये गणित फक्त शाळेत आवडीनं करतात.

चेष्टा बाजूला ठेवून एक सांगतो. हा गुणांचा हिशेब ज्यांना खरोखर लागू व्हायला हवा होता ते ओट्यावर बसलेलो आम्ही नव्हे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. परळ, लालबाग, नायगाव, दादर इथली चाकं थांबली ती बहुतेक ठिकाणी पुन्हा नीट फिरलीच नाहीत. गिरण्यांच्या जमिनीचा काही हिस्सा कामगारांच्या घरांसाठी म्हाडाला मिळायचा ठरला. पहिली सोडत निघायला २०१२ उजाडलं: ६,९२५ घरं आणि अर्ज दीड लाखाच्या घरात. मग २०१६ मध्ये दोनदा. मग २०२० च्या १ मार्चला नायगावची स्प्रिंग मिल वगैरे मिळून ३,८९४. सगळी बेरीज सोळा हजारांच्या आत. दादरची कोहिनूर मिल होती तिथे कोहिनूर स्क्वेअरचा काचेचा मनोरा उभा आहे. त्यात जागा मिळवायला सोडत लागत नाही. संप १९८२ चा आणि गुण वर्षाला एक या दरानं धरला, तर २०१२ च्या त्या पहिल्या सोडतीलाच प्रत्येक कामगाराचे तीस गुण झाले असते. पण त्याची चिठ्ठी साऱ्यांच्या चिठ्ठीत. ज्याचं येणं आहे त्यालाच नशीब आजमावायला सांगायचं, हा प्रकार कोलोरॅडोतही सापडणार नाही. तिथे निदान जनावर शिकाऱ्याचं देणं लागत नाही.

असो. गुणांची कल्पना दादरनं उचलून धरली आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यात सुधारणा सुचवायला सुरुवात केली. गुण वारसानं मिळावेत. मिळाले तर मुलीला अर्धे द्यायचे की नाही? घटस्फोटात गुणांची वाटणी कशी? वहिनींनी वधुवर सूचक मंडळाच्या फॉर्मचा मसुदाच केला: वय, शिक्षण, गोत्र, चष्मा, म्हाडा गुण. तिसऱ्या मजल्यावरच्या एकानं विचारलं, की गुण गहाण ठेवून कर्ज मिळेल का. आणि बँकवाले काका विचारात पडले, म्हणजे मिळेल. सोसायटीच्या फलकावर 'सतरा गुण देणे आहे, फक्त शाकाहारी' अशी नोटीस लागायला वेळ लागला नसता. बीडीडी चाळवाल्यांना पुनर्विकासात घर ठरलेलं होतं, तरी कुठला मजला, कुठलं दार, हे सोडतीनंच ठरलं. मग आमचे गुण मजल्यालाही धरावेत, अशीही एक मागणी आली. त्यातल्या वरळीच्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ ला माटुंग्याच्या यशवंत नाट्य मंदिरात किल्ल्या मिळाल्या, तेव्हापासून इथे सगळ्यांना एकसष्ट-बासष्ट पायऱ्यांऐवजी लिफ्टचा नंबर स्वप्नात दिसतो.

डिसेंबरात भाचा दादरला आला. काकांनी त्याला ओट्यावर बसवलं, काकूंनी आतून कोथिंबीरवडी पाठवली आणि उलटतपासणी सुरू झाली. यंदा लागला का? नाही. किती गुण झाले? त्यानं सांगितले. परवाना लागला आणि जायला रजा मिळाली नाही तर? परत करता येतो. मारलेलं जनावर टाकून दिलं तर? गुन्हा आहे, मांस नेऊन खावंच लागतं. हे ऐकून वहिनींच्या चेहऱ्यावर त्याच्याविषयी पहिल्यांदा आदर दिसला.

"आणि अजून एक गंमत आहे," भाचा म्हणाला. "कित्येक लोक अर्ज करतात, पण परवान्यासाठी नाही. त्यांना त्या वर्षी शिकारीला जायचंच नसतं. अर्जात तसा वेगळा कोडच आहे. परवाना नको, फक्त गुण द्या. म्हणजे चुकूनसुद्धा लागत नाही."

"लागू नये म्हणून अर्ज?" वहिनी म्हणाल्या. "कोण असला अर्ज भरेल?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकूंचा आवाज आला. "अगं, हे इतकी वर्षं दुसरं काय करताहेत? मी पहाडी गोरेगावचं भरा म्हणाले, विक्रोळीचं भरा म्हणाले, तर म्हणतात, 'आणि लागलं म्हणजे?' हा ओटा सोडून जायचंय कोणाला! म्हणून एका घराची योजना शोधायची, ती पण दादरची, ती पण परवडणार नाही अशी."

ओट्यावर कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या घराण्याच्या तत्त्वनिष्ठेचा असा उलगडा कोणाला अपेक्षित नव्हता. काकांनी कोथिंबीरवडी संपवली, हात पुसले, फाइल उघडली आणि खिशातून पेन काढलं.

"काय कोड म्हणालास त्याचा?"